बंद थरांतल्या रेघा

आलेख इतका देखणा आला होता की बाईंना तो खरा वाटेना.

यंत्र अजून कागदावरच होतं. दोन्हीकडून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन सरळ धावत येऊन मधोमध आदळणार, आणि त्या जागेभोवती, कणांच्या वाटा रेघांनी टिपणारा, बाईंच्या गटाचा शोधक बसणार. त्याचा सर्वांत आतला थर झोताला अगदी भिडवायचा, असा त्यांचा आराखडा. उद्या समिती बसणार होती. आराखडा निवडला गेला की धाकट्या दिराची नोकरी कायम होणार. संगणकावरच्या चाचण्या सगळ्या त्याच्याच हातच्या.

“भाऊजी, झोत एकमेकांतून जाताना भटक्या कणांचा नुसता सडा पडतो. तुम्ही तो दसपट केलात, तरी कणाची एकही खरी रेघ हरवत नाही?”

“वहिनी, चांगलं निघालं तरी तुमचं तोंड कडूच! थांबा, चहा आणतो.”

परवा त्यांनी एक थर बंद करून बघू म्हटलं, तेव्हाही हा चहालाच पळाला होता. बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

तो वळताच त्या त्याच्या खुर्चीत बसल्या आणि एक नाही, सगळेच थर बंद केले. शोधक ठार आंधळा. चाचणी चालवली. रेघा तरीही आल्या, जिथल्या तिथे, एकूण एक!

कण कुठून गेले हे संगणकाला ठाऊकच असतं, सोडलेले त्यानेच ना. रेघा शोधणारा भाग ते उत्तर चोरून बघत होता. प्रोग्रॅमची जुळणी तपासताना तशी मुभा सगळेच देतात. मग आठवणीने काढतात.

दीर दोन कप घेऊन दारात थबकला.

“काढायची राहून गेली, वहिनी. देवाशप्पथ.”

“देवाला कशाला मध्ये घेता? राहिली, की ठेवली?”

“घरचा माणूस तुम्हाला चोर वाटतो?”

बाईंनी उठून खुर्ची त्याच्यापुढे सरकवली. “मुभा काढा, थर चालू करा.”

“आणि वाईट आलं तर? माझं काय?”

“आतला थर झोतापासून मागे घ्यायचा. का घेतला ते समितीला तुम्ही सांगायचं. मी शेजारी उभी राहीन.”

खुर्चीत बसून त्याने मुभा काढली, थर चालू केले. मग कळ दाबली. आलेख घसरला, घसरतच गेला.

बाई पडद्याकडे नाही, त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. आश्चर्य काही तिथे दिसलं नाही.

“उद्या बोलतो मी,” तो पुटपुटला.

“बोला हो,” बाई हळूच म्हणाल्या. पण घरी गेल्या नाहीत. समितीच्या पानांत नवा आलेख चढेपर्यंत गार चहा पुढ्यात घेऊन तिथेच बसल्या.