पेटी एक, मुठी सहा

धानोऱ्याच्या गजराबाई पाटलांनी तिखटाच्या बरणीचं झाकण उघडलं की शेजारच्या घरात ठसका लागतो, आणि ठसका लागलेलं माणूस रागवायचं सोडून वाटी घेऊन दारात येतं. असं हे तिखट. ज्वारीचे बिबडे म्हणाल तर कागदासारखे पातळ, उडीद घातलेल्या कळण्याचं पीठ दळावं तर त्यांनीच. गाव बत्तीस वर्षं फुकट खात होतं आणि वर "नवीन नाही का केलं औंदा?" असं विचारतही होतं. ते बघून सून रुचिकाचं डोकं फिरलं आणि गेल्या दिवाळीत तिने सासूच्या नावाने ऑनलाइन दुकान उघडलं. पाकिटावर लाल ठसठशीत अक्षरांत 'गजराबाई' छापून आलं, तेव्हा गजराबाईंनी एक पाकीट रिकामंच घडी करून उशीखाली ठेवलं होतं. हे रुचिकाला अंथरूण काढताना कळलं. तिने सासूला तसं कळू दिलं नाही.

दुकान चाललं मात्र घोडं पेंड खात खात. पुण्याच्या, सुरतेच्या, बंगळुरूच्या बाया यायच्या. तिखट टोपलीत टाकायच्या, बिबडे टाकायच्या, कुरडया टाकायच्या, पीठ टाकायच्या, आणि पैसे भरायची वेळ आली की भरली टोपली तशीच टाकून पसार व्हायच्या. एकदा एकीने निरोपच पाठवला. "ताई, चार वस्तूंना तीनशे साठ रुपये गाडीभाडं? नाकापेक्षा मोती जड झाला की हो!"

रुचिका काय करणार? कुरिअरवाला एका खोक्याला नव्वद रुपये लावत होता, तर तिनेही एका वस्तूला नव्वद लावले होते. चार वस्तू, चार खोके, चार नव्वदा. पहिल्या उत्साहात पाचशे छोटे खोके एकदम विकत घेऊन ठेवले होते ना सूनबाईंनी! आता ते संपवायचे होते.

त्यात सासरे पितांबरनानांनी शेवटचं सांगून टाकलं. नाना मनाचे वाईट नव्हेत, पण धीर म्हणून नाही. घरातली एक खोली डब्यांनी, गोण्यांनी गच्च भरलेली, आणि सहा महिने झाले तरी ती रिकामी होईना. नंदुरबारच्या बाजारातला एक व्यापारी सगळा माल ठोक भावाने उचलायला तयार होता. स्वतःच्या पाकिटात भरणार, स्वतःचं नाव लावणार.

"आखाजीलोंग वाट देखसू," नाना म्हणाले. "माल गया ते गया. नही ते व्यापारीले ठोकमा दी टाकसू. मंग दुकान-बिकान काही नही."

गजराबाई चुलीशी बसल्या होत्या. भाकरी थापत होत्या, ती जरा जोरात थापली, एवढंच. रुचिकाचा मात्र संताप झाला. दुसऱ्याच्या नावाच्या पाकिटात सासूचं तिखट! तो व्यापारी मेला साधा बिबडा तरी उचलून दाखवेल का न मोडता? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बारा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी तिने त्या आठवड्याचे तीन खोके उचलले आणि रिक्षाने नंदुरबार गाठलं. एरवी नाना मंगळवारी बाजाराला जाताना खोके टाकून यायचे आणि पावत्या आणून द्यायचे, त्यामुळे कुरिअरच्या दुकानात ती आजवर गेलेली नव्हती. भाव कमी करून घ्यायचाच, असं ठरवून गेली. पाहते तर भिंतीवर तक्ता लावलेला. अर्ध्या किलोपर्यंत पन्नास, किलोपर्यंत नव्वद, दोन किलोपर्यंत दीडशे.

"मग आम्हाला नव्वद कशाचे?" तिने तिथेच पदर खोचला. "आमची पिशवी चारशे ग्रॅमची. खोका धरून चारशे ऐंशी. मी स्वतः तोलते!"

काउंटरवरचा भावेश गरीब स्वभावाचा. त्याने मुकाट्याने खोका काट्यावर ठेवला. पाचशे पंचेचाळीस.

"तुमचा काटा खोटा आहे!" रुचिका ओरडली. मागे रांगेत उभी असलेली चार माणसं सरसावून पुढे झाली. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो?

भावेशने दुसरा खोका ठेवला. पाचशे पन्नास. तिसरा, पाचशे चाळीस. "ताई, काटा खोटा असता तर तिन्हींना सारखाच आकडा आला असता ना? उघडून बघू का?"

"बघाच!"

उघडला. वर तिखटाचं पाकीट, आणि पाकिटाच्या कुशीत फडक्याची छोटीशी पुरचुंडी. गाठ सोडली तर आत मूठभर शेंगदाणे. घरच्या शेतातले, निवडलेले, भाजून सोललेले. दुसऱ्या खोक्यात पुरचुंडी. तिसऱ्यातही.

रांगेतला एक म्हातारा हसायला लागला. भावेश हसू दाबत होता. रुचिकाला वाटलं, जमीन फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. वजन ती करायची, पत्ता ती लिहायची, पण चिकटपट्टी मारायचं काम पहिल्या दिवसापासून सासूबाईंनी मागून घेतलं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, बिचाऱ्यांना मदत करायची हौस आहे!

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," ती पुटपुटली, भावेशची माफी मागितली आणि रिक्षात बसली. निम्म्या वाटेवर रागाचं हसू झालं, धानोरा आलं तसा हसूचा पुन्हा राग झाला.

"आत्याबाई, हाई काय शे?" तिने पुरचुंडी सासूच्या पुढ्यात ठेवली.

गजराबाईंनी ती उचलून पाहिली. "सुटनी का गाठ? मी ते पक्की बांधेल व्हती."

"गाठनं जाऊ द्या! यानामुळे प्रत्येक खोकाले चाळीस रुपया जास्तीना लागतस! सहा महिनापासून!"

"मंग काय अंडेरले, घरनी लेकले, रिकामा हात धाडतस का कोनी?"

"आत्याबाई, हाई गिऱ्हाईक शे, अंडेर नही!"

"तुले काय माहीत?" आता गजराबाईंचाही आवाज चढला. "चिठ्ठीवर नावं वाचस ना मी. पाटील, बोरसे, सोनवणे. आठल्याच, आपला मुलुखन्याच पोरी त्या, पुना-सुरतलोंग कथा कथा जाई पडेल शेतस. आखाजीले माहेरले येता येत नही म्हनीसन तिखट मांगाडतस. आनि तू म्हनस मोजीसन दे! मी व्यापारी शे का?"

माहेरी आलेली लेक परत निघाली की तिच्या पिशवीत सगळं भरून झाल्यावर वरून एक मूठ टाकायची, ही धानोऱ्याची रीत. ती मूठ कोणी मोजत नाही. मोजली तर आईपण कमी पडलं म्हणायचं. रुचिका स्वतः अक्कलकुव्याची लेक, तिच्या पिशवीतही दरवेळी निघताना आईची मूठ पडायची. तिने पुरचुंडीची गाठ पुन्हा बांधली. खरं सांगायचं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही तिला राग आला, कारण पाण्याने हिशोब सुटत नाही.

जरा वेळाने ती म्हणाली, "बरं. लेक माहेरहून निघाली की तिच्या किती पिशव्यांत मूठ टाकता?"

"एकच पिशवीमा. प्रत्येक पिशवीमा कोन टाकस, येडी?"

"मंग तुम्ही एकाच बाईच्या चार खोक्यांत चार मुठी टाकतस!"

गजराबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "खोकाच तू चार धाडस, त्यामा मन्हा काय दोस?"

आणि तिथे रुचिकाचं डोकं लखकन उजळलं. दोष खोक्यांचाच होता. म्हणजे तिचाच होता. तिने माळ्यावरून पुठ्ठ्याची एक मोठी पेटी काढून सासूपुढे ठेवली. "भरा. लेकीची पिशवी भरतात तशी."

आता गजराबाईंचे हात पाहण्यासारखे. तळाला पीठ आणि तिखट, जड माल. त्यावर बिबडे, पण आडवे नाहीत, उभे, एकमेकांना टेकलेले. फटींत कुरडयांची पाकिटं दाबून बसवली. पेटी हलवली तर आवाज नाही. आणि सगळ्यात शेवटी, सुनेकडे रोखून बघत, एक पुरचुंडी. काट्यावर एक किलो नऊशे. दोन किलोच्या आत! चार खोक्यांना तीनशे साठ लागत होते, ते एका पेटीत दीडशेवर आलं, मूठ धरून.

रुचिका तिथेच फतकल मारून बसली आणि मोबाइलवर दुकानाचं आतलं पान उघडलं. पहिल्या वस्तूचं गाडीभाडं नव्वद. पुढच्या प्रत्येक वस्तूचं वीस. नव्वद आणि तीन विसा साठ, दीडशे. बरोब्बर! तिने जपून आकडे भरले, नियम जतन केला आणि खात्री करायला स्वतःच गिऱ्हाईक होऊन चार वस्तू टोपलीत टाकल्या. गाडीभाडं आलं पाचशे दहा.

"हे काय झालं व माय!"

जुना नियम काढलाच नव्हता. दोन्ही नियम एकदम चालू होते आणि दोघेही आपापलं वसूल करत होते, एका सुनेवर दोन सासवा असाव्यात तसे. जुना काढून टाकल्यावर दीडशेचा आकडा आला. गजराबाईंनी चष्मा लावून तो स्वतः वाचला आणि टाळी वाजवली.

राहिली जाहिरात. रुचिकाने शाळेतली मराठी आठवून लिहिलं, 'एकापेक्षा अधिक वस्तूंच्या खरेदीवर वाहतूक शुल्कात विशेष सवलत.'

"हाई कोन वाची? सरकारी नोटीस शे का?" गजराबाई म्हणाल्या. "लिख, मी सांगस." आणि त्यांनी सांगितलं तसं दुकानाच्या पानावर चढलं. 'एक घ्या की दहा, पेटी एकच. पहिल्या वस्तूला गाडीभाडं नव्वद, पुढच्या प्रत्येकीला वीस. वरची मूठ आमच्याकडून, तिचं भाडं नाही.'

त्या संध्याकाळी दोन मागण्या आल्या. दुसऱ्या दिवशी नऊ. त्यानंतर रुचिकाने मोजणं सोडलं, कारण मोजायला सवड कुठे होती? पूर्वी टोपली टाकून पळालेल्या बाया परत येऊन तीच टोपली दुप्पट भरत होत्या. बंगळुरूच्या एकीने तर वीस रुपयांत आणखी एक येतं म्हणून पापड घेतले, मग आणखी वीस म्हणून सांडगे, असं करत करत अकरा वस्तू घेतल्या आणि खाली लिहिलं, "नवऱ्याला सांगू नका." शेजारच्या रमिलाबाई मदतीला आल्या. नाना एकदा खोलीच्या दारात येऊन उभे राहिले, कोपऱ्यातली दिसू लागलेली फरशी बघितली आणि पेट्या दोरीने बांधायला बसले.

आखाजीच्या चार दिवस आधी वापीहून मागणी आली. एका सोसायटीतल्या सहा जणींनी मिळून एकच टोपली भरली होती. सव्वीस वस्तू. रुचिकाने खोलीत जाऊन पाहिलं तर उरलेला माल जेमतेम तेवढाच. खाली निरोप होता, तो तिने मोठ्याने वाचला.

"काकू, पेटी एकच पाठवा, आम्ही आपसांत वाटून घेऊ. पण मुठी सहा हव्यात. आम्ही सहा घरच्या लेकी आहोत."

गजराबाई सुनेकडे बघत राहिल्या. आता बोल, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. रुचिकाने कान पकडले आणि आपल्या हाताने सहा पुरचुंड्या बांधल्या. गाठी सासूबाईंनी तपासून घेतल्या.

ती पेटी एवढी जड झाली की नानांना सोबत जावं लागलं. रिक्षात पेटी मधे, नाना एका बाजूला, रुचिका दुसऱ्या. भावेशने काट्यावर ठेवली, आकडा बघितला आणि विचारलं, "ताई, यात शेंगदाणे किती?" रुचिका म्हणाली, "सहा मुठी. लिहून घ्या, काटा तुमचा खराच आहे."

एवढ्यात नानांचा फोन वाजला. पलीकडे तो व्यापारी होता. त्याचा आवाज एवढा मोठा की फोन कानाला लावायची गरज नव्हती. आखाजी आली, माल उचलायला गाडी कधी पाठवू, असं विचारत होता.

"माल संपी गया," नाना म्हणाले.

"सगळा? बरं, मग पुढच्या वर्षाचा आत्ताच बोलून ठेवू. काय भाव लावता?"

नानांनी पेटीवर चिकटवलेल्या 'गजराबाई' पाकिटाच्या लाल अक्षरांकडे पाहिलं, इकडे तिकडे पाहिलं, खाकरले. "ते मी कसा सांगू? गजराबाईले इचारा," ते म्हणाले. "दुकान गजराबाईनं शे."

रुचिकाच्या हातातली पावती तशीच राहिली. तिचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, आणि नानांनी बायकोला 'अय' आणि 'ऐकं का' यापलीकडे हाक मारलेली तिने ऐकली नव्हती. थोरामोठ्यांत बायकोचं नाव घ्यायची पद्धतच नाही. इथे तर भर दुकानात घेतलं, दोनदा, आणि तेही व्यापाऱ्याला ऐकू जाईल असं. नानांचे कान लाल झाले होते. "चाल, चाल, रिक्षा उभी शे," असं म्हणत ते तिच्या आधी बाहेर पडले.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधी रुचिका स्वयंपाकघरात शिरली. गजराबाई पुरणाची डाळ निवडत होत्या. तिने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांच्या हातातलं सूप थांबलं.

"नाव लिधं?" त्यांनी हळूच विचारलं. "मन्हं?"

"तुमचंच. दोनदा."

"बठ्ठास्ना समोर?"

"भावेश होता, रांगेतले पाच-सहा जण होते, व्यापारी फोनवर होता."

गजराबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे गदगदत होते. हसत होत्या की रडत होत्या ते रुचिकाला कळेना, आणि बहुतेक त्यांनाही कळत नसावं. मग त्यांनी डोळे पुसले, पाट पुढे सरकवला आणि सुनेला हाताला धरून खाली बसवलं.

"आते पहिलापासून सांग," त्या म्हणाल्या. "फोन वाजना. मंग?"