पोताला दूध, जाळाला पाणी

मी एक जुनी पखाल आहे. बकऱ्याच्या कातड्याची, भिस्त्याच्या पाठीवर बसून पाणी वाहणारी. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. पण माझ्या नावाची म्हण तुमच्या गुरुजींनी तुमच्याकडून नक्की पाठ करून घेतली असेल: दुखणं हल्याला आणि डाग पखालीला. आजारी पडायचं रेड्यानं आणि चटका खायचा आम्ही! माझ्याही अंगावर एक डाग आहे, पण तो असा फुकटचा नाही. तो मी मिरवते.

माझा जन्म तुळजापूरचा. रामलिंग नावाच्या कारागिरानं माझं कातडं तरवडाच्या सालीत मुरवलं, तेल आणि चरबी चोळून मऊ केलं आणि अशी घट्ट शिवण घातली की थेंब गळू नये. बकऱ्याची मान होती तिथं माझं तोंड झालं. मग मी बाबामियाँ भिस्त्याच्या पाठीवर चढले. माणूस उंच, काटक, बोलायला कमी आणि हट्टाला भारी. माझं तोंड मुठीत धरून ते पाण्याची धार सुतासारखी बारीकही सोडत आणि कोपरानं मला दाबून लांबवरही फेकत.

नवरात्र आलं की आमचा रुबाब बघावा! देवळाकडं चढत जाणारी अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना कुंकवाची, बांगड्यांची, नारळाची दुकानं, वर दुकानदारांची घरं, आणि मधून माणसांचा पूर. आम्ही सकाळ-संध्याकाळ गल्लीत पाणी मारायचो, म्हणजे धूळ बसायची. त्याहून मोठं काम म्हणजे दुकानांपुढचे कापडी मांडव भिजवणं. कारण देवीचे आराधी हातात पोत घेऊन येतात. पोत म्हणजे तेलात भिजवलेल्या चिंध्यांची पेटती मशाल. तिची ठिणगी ओल्या कापडावर पडली तर चुर्र करून विझते. अशा किती ठिणग्या आम्ही विझवल्या, कुणाला ठाऊक? जे जळालंच नाही, त्याची आठवण कोण ठेवतो?

पुढं निजामाचं राज्य गेलं. काही वर्षांनी आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, यात्रेकरूंच्या मोटारी वाढल्या आणि एके वर्षी गल्लीच्या वरच्या तोंडाला नळ आला. घट बसायच्या आधी माणिकप्पा आमच्या दारात आले. ते कुंकू-कापराचे व्यापारी, गल्लीतले वडीलधारे. त्यांचा शब्द कुणी मोडत नसे.

"बाबामियाँ, आता नळ झालाय," ते म्हणाले. "औंदापासून पखालीचं काम न्हाय. लोकं सोवळ्यानं दर्शनाला जातेत, चामड्याचं पाणी अंगावर उडलं की कुरकुर करतेत. राग मानू नगा."

"राग कशाचा? पर मांडव कोण भिजवणार?"

"भिजवील की कुणीतरी."

मित्रांनो, हा 'कुणीतरी' नावाचा माणूस मी उभ्या आयुष्यात कधी काम करताना पाहिला नाही.

बाबामियाँच्या वडिलांपासून हे काम आमच्याकडं होतं. ते गेल्यानं चूल बंद पडली नसती. पण ज्या गल्लीला आपण लहानपणापासून जपलं, तिला आपली गरज उरली नाही, हा घास काही त्यांच्या गळ्याखाली उतरेना. पहिल्याच माळेला त्यांनी मला काठोकाठ भरलं आणि पाठीवर घेतलं. त्यांच्या बायको मदिनाबी दारातून म्हणाल्या, "बुलाए नहीं तो कायकू जाते?"

"गल्ली तो अपनीच है ना," ते म्हणाले आणि निघाले.

त्यांना गल्लीत पाय टाकायची बंदी नव्हती, पण बोलावल्याशिवाय ते आत गेले नाहीत. वेळ पडली तर पाणी हाताशी असावं म्हणून गल्लीच्या खालच्या तोंडाला एका ओट्यावर मला टेकवून बसले. रोज यायचं, भरलेलं बसायचं, भरलेलंच परत जायचं. येणारे-जाणारे हसत. मला पाण्याचं ओझं कधी वाटलं नव्हतं, ते त्या दिवसांत वाटलं. वरती मांडव उन्हानं पापडासारखे वाळत होते आणि आम्हांला ते खालून दिसत होते.

अष्टमीच्या दिवशी दिवेलागणीला बेंबळीच्या कस्तुराबाई आराधीण गल्लीतून चालल्या होत्या. गळ्यात कवड्यांच्या माळा, एका हातात परडी, दुसऱ्यात पोत. मागून गर्दीचा लोंढा आला, त्यांचा तोल गेला आणि पोत माणिकप्पांच्या मांडवाला लागला. वाळकं कापड! बघता बघता ज्वाळा वर चढली. खाली दुकानात कापराच्या पेट्या, शेजारी बांगड्यांचं दुकान, वरती माणिकप्पांच्या सुना-नातवंडं. कापरानं पेट घेतला असता तर अख्खी गल्ली गेली असती.

आणि तेव्हा काय झालं, ऐका. शेजारच्या दुकानदारानं घागर उचलली, तर माणिकप्पांनीच त्याचा हात धरला. "पाणी नगं. देवीचा पोत पाण्यानं इझवत न्हाईत. दूध आणा, दूध."

रीत खरी होती. पोत दुधानंच शांत करतात. लोक पेढेवाल्याकडं दुधासाठी धावले. वरती घर पेटायला आलं होतं आणि खाली माणिकप्पा हात जोडून दुधाची वाट बघत होते. घाबरलेल्या माणसाला जे तोंडपाठ असतं तेच सुचतं, म्हणून मी त्यांना हसत नाही.

कस्तुराबाईंनी पोत उंच धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आवं, पोत माझ्या हातात हाय की. त्यो तुमच्या कापडाला लागलेला जाळ हाय. पोताला दूध, जाळाला पाणी. बघत काय उभं ऱ्हायलाव?"

बाबामियाँ तोवर उठले होते. नळ पार वरच्या टोकाला, भरलेली फक्त मी, पण गर्दी एवढी की मुंगीला वाट मिळू नये. तिथं आम्हांला वाट मिळाली, आणि कशी? "चामडं आलं, चामडं आलं," करत लोक भिंतीला चिकटले! ज्या विटाळापायी आम्हांला काढलं होतं, त्यानंच आमचा रस्ता मोकळा केला. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की काय सांगू.

बाबामियाँनी आधी कापराच्या पेट्या चिंब केल्या, मग धार वर मांडवावर फेकली. जळतं कापड तुटून माझ्यावर पडलं. माझी कूस भाजली, त्यांचं मनगट भाजलं, पण मूठ सुटली नाही. ज्वाळा बसली, तरी बांबू अजून धुमसत होते, आणि मी रिकामी झाले. तेव्हा एक पितळी घागर माझ्या तोंडात ओतली गेली. पाणी ओतणारे हात माणिकप्पांचे होते, आणि घागर त्यांच्या देवघरातली होती.

"वता अजून," बाबामियाँ म्हणाले. मागून घराघरांतून घागरी आल्या. दुसऱ्या खेपेला शेवटचा निखारा विझला. मांडव गेला, पण एकाही दुकानाला, एकाही घराला धक्का लागला नाही. साऱ्या गल्लीनं 'उदे गं अंबे उदे' असा गजर केला, त्यानं माझी शिवण थरथरली.

तेवढ्यात दूध आलं! कस्तुराबाईंनी त्यात आपला पोत रीतसर शांत केला, परडीतलं कुंकू घेतलं आणि माझ्या भाजल्या कुशीवर लावलं. कुणी कुरकुरलं नाही. माणिकप्पा बाबामियाँचं मनगट हातात घेऊन लोणी लावत होते. मग म्हणाले, "उद्या सकाळी मांडव भिजवायला या. म्या दारात वाट बघतो."

त्यानंतर बाबामियाँ थकेपर्यंत दर नवरात्रात गल्ली आमचीच होती.

आता मी माणिकप्पांच्या दुकानात खुंटीला असते. दर अष्टमीला मला हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, माझी गोष्ट सांगतात. मान मोठा आहे, पण माझं कातडं वाळून तडकत चाललं आहे, आणि परवा पाहिलं, तर बाहेरचे मांडवही वाळलेलेच होते. मित्रांनो, तुम्ही जत्रेला आलात, तर माझ्यापुढं हात जोडू नका. मला खाली काढा, तेल चोळा आणि भरा. मी अजून गळत नाही.