त्यांना जमीनच आवडायची

नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या आमच्या छोट्या संग्रहालयात डच अमलातल्या जावामधल्या एका रुग्णालयावर प्रदर्शन भरणार होतं. संशोधन माझं. एका दालनात युरोपियनांचा वॉर्ड मांडला: लोखंडी खाटा, गाद्या, मच्छरदाण्या. दुसऱ्यात तिथल्या मूळ रहिवाशांचा: फरशीवर चटया, बस्स. भिंतीवरचं वाक्य मात्र संचालक योरिसनं निवडलं: ‘स्थानिक रुग्णांना जमिनीवर झोपणंच आवडत असे.’

ते वाचून माझं डोकंच फिरलं. माझ्या आजीला तालुक्याच्या दवाखान्यात जात विचारून बाळंतपणाला आत घेतलं नव्हतं. व्हरांड्यात पोतं अंथरून दिलं आणि वर डॉक्टर म्हणाला, या लोकांना मोकळी हवा आवडते. आई अजून ही गोष्ट दात-ओठ खात सांगते.

बैठकीत मी म्हटलं, हे वाक्य एका गोऱ्या डॉक्टरच्या अहवालातलं आहे, रुग्णांना कुणी विचारलंच नव्हतं. इथल्या पद्धतीप्रमाणे सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कॉफी घेतली आणि वाक्य ठेवायचं ठरवलं. माझी मैत्रीण सुहासिनी फोनवर म्हणाली, जाऊ दे गं धम्मदीपा, इथे वर्क परमिटवर आहोत आपण. परमिटवर आलेल्यानं काय तोंड घरी ठेवून यायचं? मी फोन ठेवून दिला.

उद्घाटनाला पाहुण्यांना माहिती मीच सांगणार होते. सकाळीच मी सगळ्या खुर्च्या युरोपियन वॉर्डात नेल्या आणि पुढे दोरी बांधली. पाहुणे जमल्यावर भिंतीवरचं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि त्यांना चटयांवर बसायला सांगितलं.

लोक एकमेकांकडे बघत टेकले. नोव्हेंबरातली फरशी ती. कुठल्या चटईवर तापाचा रुग्ण, कुठल्या चटईवर बाळंतीण, मी सांगत गेले. चुळबुळ सुरू झाली. एका म्हाताऱ्या बाईंना उठवेना, त्यांना मीच खुर्ची आणून दिली. मग बाकीचेही मागू लागले, तसा दाराशी उभा असलेला योरिस दोरी सोडायला निघाला.

मी आडवी आले. “तुम्ही अजून बसलाच नाहीत. आधी बसा, मग आवडतं का ते सांगा.”

सगळे त्याच्याकडे बघत होते. तो लालबुंद झाला, पण बसला. मी उरलेलं सगळं सावकाश, काही न गाळता सांगितलं.

उठताना त्याला भिंत धरावी लागली. म्हणाला, “उद्या काढतो ते वाक्य.”

“काढू नका. त्याच्याखाली लिहा, हे म्हणणारा कोण होता. आणि तो स्वतः कशावर झोपायचा.”