पुलीच्या पोटातला शेंदूर

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी भिलाईत लोखंडाला जेवढा मान मिळतो, तेवढा माणसाला वर्षभरात मिळत नाही. जवळच्या रसमडा गावातल्या एका कारखान्यातही तेच. सकाळी आरती झाली, बुंदी वाटली, क्रेनपासून पान्यांपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार पडले. दुपारी संघमित्राने नव्या पुलीच्या पोटात हात घातला, तर बोटं लालभडक आणि तेलकट होऊन बाहेर आली.

संघमित्रा होळीनंतर तिथे मेकॅनिकल सुपरवायझर म्हणून लागली होती. बाप राजदीप, भिलाईच्या स्टील प्लँटातून रिटायर झालेला, घर प्लँटाच्या वसाहतीतल्या सेक्टरातलं, स्वभाव सरळ आणि जीभ त्याहून सरळ. भट्टीकडे कोळसा नेणारा पट्टा ज्या मोठ्या पुलीवरून फिरतो, ती आज बदलायची होती. पूजेमुळे सगळं बंदच होतं, त्यामुळे मोका चांगला होता.

आता ही पुली तिला फिरवणाऱ्या लोखंडी दांड्यावर बसते कशी, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं भांडण उगाचच वाटेल. दोघांच्या मधे असतो बुश नावाचा पोकळ लोखंडी तुकडा. बाहेरून निमुळता, कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकतात त्या पाचरीसारखा. बोल्ट आवळत गेलं की तो पुलीच्या निमुळत्या तोंडात रुततो आणि दांड्याला गच्च धरतो. ही पकड कोरड्या लोखंडाची. मधे तेल आलं की तेवढ्याच जोरात बुश नको तितका आत घसरतो आणि पुली आतून ताणली जाऊन एक दिवस फुटते.

हा तेलातला शेंदूर लावला होता पुंडलिकरावांनी. कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर, अर्ध्या वर्कशॉपला त्यांनी पाना धरायला शिकवलेलं. वरून लावलेला टिळा कोळशाच्या धुळीनं जातो, पोटात लावला की आतून राखतो, असं त्यांचं म्हणणं. शिवाय तेल असलं की पुढच्या वेळी बुश काढायलाही सोपा. एका हातानं देव, दुसऱ्या हातानं सोय!

मागच्या साली या जागेवरची पुली फुटली होती. तिचा भलामोठा तुकडा खाली पडला तो नेमका तिथे, जिथे सांडलेला कोळसा झाडायला दुर्गाबाई बसायची. दुर्गाबाई म्हणजे पुंडलिकरावांचीच बायको. त्या क्षणी ती पाणी प्यायला गेली होती म्हणून वाचली. विश्वकर्म्यानं राखलं, असं सगळे म्हणाले. पुंडलिकराव तर रडले होते. म्हणूनच यंदा शेंदूर दुप्पट होता.

संघमित्राने फडकं आणि थिनर मागितलं. कोणी हललं नाही. मागून कोणीतरी पुटपुटलं की ही बौद्धांची पोर, यांच्यात देव मानत नाहीत, यांना काय त्याचं. ते तिला स्पष्ट ऐकू गेलं. तिने पुंडलिकरावांना बुश का घसरतो ते समजावून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं की मी इथे बुश बसवत होतो तेव्हा तू पाळण्यात होतीस.

मग शामसुंदर साहेब आला. हा कारखान्याचा मेंटेनन्स इंजिनियर, नागपूरकडचा, माणूस वाईट नव्हता पण भांडणाला भ्यायचा. त्याने तिला बाजूला घेतलं. भट्टी थांबली आहे, मालक खोळंबले आहेत, आणि हा धर्माचा विषय आहे. त्यातून तू पुसायला जावंस हे बरं दिसत नाही, तुझी नोकरी अजून कन्फर्म व्हायची आहे. असं सगळं त्याने हळू आवाजात, समजावणीच्या सुरात सांगितलं.

खरं सांगायचं तर एकदा तिच्या मनात आलंच, की मरू दे, बसवा तशीच. मग तिची नजर पुलीखालच्या खांबापाशी गेली. दुर्गाबाई झाडू मांडीवर घेऊन द्रोणातली बुंदी खात होती, पट्टा सुरू व्हायची वाट पाहत.

"साहेब, मी देव नाही पुसून राहिली," संघमित्रा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी तेल पुसून राहिली. बटणावर माझं कुलूप हाय. हे कोरडं होईस्तोवर थे निघणार नाही."

त्या कारखान्याचा नियम होता: ज्याचा हात यंत्रात, त्याचं कुलूप त्या यंत्राच्या बटणावर आणि चावी त्याच्याच खिशात. दुसऱ्याला ते काढता येत नाही, साहेबालाही नाही. पुंडलिकरावांनी मात्र आयुष्यात कधी कुलूप लावलं नव्हतं. माझी राखण करणारा वर बसला आहे, म्हणायचे, आणि वयाकडे पाहून सगळे गप्प बसायचे.

साहेब चिडून मालकाला फोन लावायला गेला. संघमित्रा पुंडलिकरावांना म्हणाली, काका, माझ्यासोबत भंगारात चला. तिथे पाहून तुम्ही म्हणाल तसं करू. एवढ्यावर ते निघाले.

मागच्या साली फुटलेली पुली अजून तिथेच गवतात पडली होती, आणि तिचा बुश अर्ध्या तुकड्यात तसाच अडकलेला होता. तिने तो तुकडा उताणा केला. बुश कुठवर जायला हवा होता ते तिने बोटाने दाखवलं, आणि तो कुठे जाऊन रुतला होता तेही. चिरेच्या तोंडाशी, जिथे पाऊस पोचला नव्हता, तिथे शेंदराचा लाल थर तेलासकट चकाकत होता. आयुष्य लोखंडात गेलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. पुंडलिकरावांनी त्या लालीवर अंगठा फिरवला आणि ते तिथेच गवतात बसले.

संघमित्राला वाटलं होतं आपल्याला बरं वाटेल. नाही वाटलं. म्हातारा पुन्हा पुन्हा त्या लालीवरून अंगठा फिरवत होता, ते पाहून तिला रडूच आलं. ती त्यांच्या शेजारी बसून राहिली.

परत आल्यावर फडकं पुंडलिकरावांनीच मागितलं. दांडा, बुश, पुलीचं पोट, सगळं थिनरने पुसलं, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत पुसलं. शेंदराची वाटी त्यांनी उचलली आणि पुलीच्या बाहेरच्या जाळीवर ठसठशीत टिळा लावला. मग संघमित्राकडे हात पसरून म्हणाले, "मले बी एक कुलूप दे."

बोल्ट दोघांनी मिळून आवळले. एक इकडचा, एक समोरचा, थोडा थोडा, लागलेला जोर मोजणाऱ्या मापाच्या पान्याने. एकाच बाजूने आवळलं तर बुश तिरका बसतो. पट्टा थोडा चालवून, बंद करून, कुलपं लावून पुन्हा आवळायचं, हेही ठरलं. संघमित्राने आपलं कुलूप काढलं. साहेब बटणापाशी आला, तर पुंडलिकरावांनी लावलेलं कुलूप तसंच.

त्यांनी दुर्गाबाईला हाक मारून पुलीखालून बाहेर बोलावलं. ती आली, तर तिचा मनगटापाशी हात धरला, सगळ्यांच्या देखत.

"कावून हात धरून राहिले चार लोकांत?" ती लाजून म्हणाली.

"मागच्या साली पुली फुटली, थे माह्या हातच्या तेलानं," पुंडलिकराव म्हणाले. "देवानं तुले राखलं, पण माह्यापासून राखलं."

दुर्गाबाईने वर नव्या पुलीकडे पाहिलं. संघमित्राने मान खाली घातली.

"यंदा पुसलं का?" दुर्गाबाईने विचारलं.

"पुसलं."

"सगळं?"

"सगळं. या पोरीनं कुलूप सोडलं नाही."

दुर्गाबाईने हात सोडवून घेतला, द्रोणातली उरलेली बुंदी संघमित्राच्या तळहातावर ओतली आणि झाडू घेऊन पट्ट्यापासून लांब, भिंतीला जाऊन टेकली. तिथून नवऱ्याला म्हणाली, "मंग खोला आता कुलूप. मी हटली बाजूले."