स्वस्त पेट्रोलचं पत्र

दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या, नदीकाठच्या त्या गावात पेट्रोलचा भाव वर्षातून एकदाच ठरतो. उन्हाळ्यात नदीवरचं बर्फ फुटलं की तेलाचा बार्ज, म्हणजे सपाट मालबोट, येतो, टेकाडावरच्या टाक्या भरतो आणि निघून जातो. त्या दिवशी जो आकडा ठरेल तोच पुढचा बार्ज येईपर्यंत. मधल्या काळात जगात तेल चढलं काय नि पडलं काय, गावाला त्याचं सोयरसुतक नसतं. पंपाच्या लाकडी खोपट्याबाहेर पाटी आहे. तिच्यावरचा आकडा बदलायचं आणि लोकांच्या कॅनमध्ये पेट्रोल ओतायचं काम अकरा वर्षं मर्नाकडे होतं. त्या वर्षी पाटीवर गॅलनला नऊ डॉलर पंच्याऐंशी सेंट होते.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी तिच्या नवऱ्यानं, एनॉकनं, पाच गॅलनचा लाल कॅन तिच्यापुढे ठेवला.

"तीन टाक," तो म्हणाला.

"पाच घे की."

"कशाला? दुपारपर्यंत परत येतो."

तिनं तीन ओतले. कॅरिबू हरणांचा कळप पूर्वी गावामागच्या टेकडीवरूनच जायचा. त्या वर्षी तो दोन डोंगर पलीकडून वळला, आणि एनॉक त्याच्या मागे गेला. दुपारनंतर वारा सुटला. तिसऱ्या दिवशी शोधायला गेलेल्यांना आधी त्याची बर्फावर चालणारी गाडी, स्नोगो, सापडली, टाकी कोरडी ठाक. तिथून मैलभर अलीकडे एका झुडपाला पाठ टेकून तो बसलेला होता. गाव तिथून आठ मैलांवर होतं.

मर्ना रडली नाही. बायका घरी येऊन बसायच्या, सूप आणायच्या, तिच्या रडण्याची वाट बघायच्या आणि अंधार पडला की उठून जायच्या. पुरल्यानंतरच्या सोमवारी दुपारी दोन वाजता तिनं पंप उघडला. लोकांना वाटलं, बाई खंबीर आहे. खंबीरबिंबीर काही नव्हतं. कुणी बोललं की त्याचे शब्द तिच्यापर्यंत जरा उशिरा पोचायचे, एवढंच. कॉफी समोर असायची, गार व्हायची, आणि ती गारच पिऊन टाकायची. एकदा घरातली शेगडी विझली ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही बादलीतल्या पाण्यावर बर्फ दिसलं म्हणून.

एप्रिलमध्ये एनॉकचा धाकटा भाऊ व्हर्जिल पंपावर आला. तो उत्तरेकडच्या तेलक्षेत्रात नोकरीला होता, दोन आठवडे तिकडे आणि दोन आठवडे घरी. त्यानं जॅकेटच्या आतून घडी घातलेला कागद काढला.

"वहिनी, हे वाच जरा."

"काय आहे?"

"पत्र. आमच्या कंपनीला नवा पट्टा खणायला हवाय. परवानगी वर, लांब, सरकारात मिळते. गावागावांनी पाठिंबा लिहून दिला तर काम सोपं होतं. शुक्रवारी कंपनीचा माणूस येतोय. पंचायतीत पाच जण. हेंड्री आणि लीरॉय हो म्हणतील. क्लारा आजी नाही म्हणणार, तिच्या मागे ऑस्कर. राहिलीस तू."

मर्नानं कागद वाचला. कामं मिळतील, शाळेला पैसा मिळेल, वगैरे. त्याखाली लिहिलं होतं, 'आपल्याच भूमीत अधिक तेल काढल्यास आमच्या गावातलं इंधन स्वस्त होईल, असा आमचा ठाम विश्वास आहे.' आणि त्याच्या पुढे, 'गेल्या हिवाळ्यात आमच्या गावातला एक शिकारी पुरेसं पेट्रोल परवडत नसल्यामुळे प्राणास मुकला.'

तिनं कागद परत दिला.

"काही बोल ना," व्हर्जिल म्हणाला.

"तुझे किती गॅलन?"

"चार," तो म्हणाला आणि कॅन पुढे केला.

शुक्रवारी सभागृहात अर्धं गाव जमलं होतं. कंपनीनं कॅरिबूचं सूप करायला सांगितलं होतं, सोबत कडक गोल बिस्किटं आणि लोणी. चिठ्ठ्या काढून दहा गॅलन पेट्रोलचं बक्षीसही ठेवलं होतं. बक्षीस नेमकं क्लारा आजीला लागलं. तिचं वय ब्याऐंशी, घरात गाडी नाही की बोट नाही.

"आता मी कुठे पळून जाऊ?" ती म्हणाली. माणसं हसली. कंपनीचा माणूसही हसला.

त्याचं नाव ड्वेन. धिप्पाड, बोलायला गोड, बूट दारात काढून ठेवणारा. त्यानं भिंतीवर चित्रं दाखवली आणि आपल्या देशाचं तेल आपण काढलं तर दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही, असं सांगितलं. त्याचं संपल्यावर क्लारा आजीनं काठी जमिनीवर टेकली.

"आमच्या टाकीत येतं ते कुठलं?"

"निरनिराळ्या ठिकाणचं, आजी."

"इथलं नाही?"

"इथलं कच्चं तेल नळातून दक्षिणेला जातं. तिथून जहाजानं कारखान्यात. ते शुद्ध होऊन, मग बार्जनं..."

"म्हणजे आमच्या परसातून निघतं, समुद्र हिंडून येतं आणि आम्हालाच विकलं जातं."

"कधी कधी ते कोरियाहूनही येतं," ड्वेन प्रामाणिकपणे म्हणाला.

"मग पत्र कोरियाला लिहा."

हेंड्री अध्यक्ष होता. त्यानं टेबलावर पेन आपटलं तरी हसू थांबायला वेळ लागला. मर्ना टेबलाच्या टोकाला बसली होती. पुढ्यातल्या सुपावर चरबीची साय धरली होती. ती बोलली तेव्हा पहिल्यांदा कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"पाटीवर किती होईल?"

"काय म्हणालात?" ड्वेननं विचारलं.

"पंप मी चालवते. पाटीवरचा आकडा मी बदलते. तुम्ही खणलंत तर त्या पाटीवर किती लिहायचं?"

ड्वेननं व्हर्जिलकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "असा आकडा मला देता येणार नाही. तेलाचा भाव सगळ्या जगाचा मिळून ठरतो. तुमच्याकडे तर त्याच्यावर बार्जचं भाडं, टाक्यांचा खर्च. पण बाजारात तेल जास्त आलं की भाव थोडा खाली येतो, हे नक्की."

"किती?"

"काही सेंट. कदाचित."

"कधी?"

"परवानगी मिळून विहिरी चालू व्हायला आठ-दहा वर्षं."

कुणीतरी मागे पोराला गप्प केलं. लीरॉय म्हणाला, "सेंटांचं सोडा, पण नोकऱ्या तरी खऱ्या आहेत. माझी दोन पोरं शहरात जाऊन बसली ती उगीच नाही." ते खरंच होतं. ऑस्कर म्हणाला की कॅरिबू आधीच दूर गेलेत, आता आणखी कुठे जायचे. तेही खरंच होतं. मग हेंड्रीनं मतं घेतली. दोन हो, दोन नाही.

"मर्ना?"

त्या गावात 'हो' म्हणायला भुवया उचलतात आणि 'नाही' म्हणायला नाक आक्रसतात. सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. चेहरा हलला नाही.

"तोंडानं सांग बाई, नोंद करायची आहे," हेंड्री म्हणाला.

"कामासाठी पत्र लिहायचं तर लिहा. माझं हो धरा," मर्ना म्हणाली. "खालची दोन वाक्यं काढा."

व्हर्जिल उभा राहिला. "का? त्यात खोटं काय आहे?"

"एनॉक गेला, ते खरं आहे."

"पेट्रोल संपलं म्हणूनच गेला ना? महाग होतं म्हणूनच कमी नेलं ना त्यानं?"

मर्नानं त्याच्याकडे पाहिलं. व्हर्जिलच्या गळ्याची शीर उडत होती. ती तिला नीट दिसली. आपलंही काहीतरी असंच उडायला हवं, असं तिला वाटलं. कोटाच्या खिशात किल्ली चाचपावी तसं तिनं आत चाचपून पाहिलं. हाती काही लागलं नाही.

"तीन मी ओतले," ती म्हणाली. "पाच ओतता आले असते. घरात पैसे होते. त्याला वाटलं पुरतील, आणि मी वाद घातला नाही. त्याचं काय करायचं ते माझं मी बघेन. पत्रात नको."

व्हर्जिल खाली बसला. हेंड्रीनं पेनानं ती दोन वाक्यं खोडली, शेजारी आपली आद्याक्षरं लिहिली आणि कागद सह्यांसाठी फिरवला. क्लारा आजी आणि ऑस्करनं सही केली नाही. मर्नानं केली.

बाहेर पडताना ड्वेन तिच्याजवळ थांबला. "राग मानू नका, पण खरं सांगतो. नोकऱ्या मिळतील हे सगळीच गावं लिहून देतात. वर वाचणाऱ्याचं लक्ष स्वस्त पेट्रोलवर असतं." त्यानं पत्र बॅगेत ठेवलं, बूट चढवले आणि विमानाकडे गेला. त्या पत्राचं पुढे काय झालं ते गावाला कधीच कळलं नाही. त्या पट्ट्याचा निर्णयही अजून लागलेला नाही.

व्हर्जिल त्यानंतर पंपावर आला नाही. पेट्रोल लागलं की शेजाऱ्याला पाठवायचा. मे संपला, बर्फ फुटलं, नदी गढूळ होऊन वाहू लागली. जुलैत बार्ज आला, आणि हेंड्रीनं नवा आकडा कागदावर लिहून आणला. नऊ डॉलर पंधरा.

"उतरला?" मर्नानं विचारलं.

"सत्तर सेंट. बार्जवाला म्हणतो, दुनियेत कुठेतरी तेल उदंड झालंय आणि कुठेतरी खप बसलाय. त्यालाही धड माहीत नाही."

अकरा वर्षांत आकडा उतरण्याची ही दुसरी खेप. मर्ना शिडीवर चढली, आठ काढला, त्या जागी एक लावला. खाली रांग लागली होती.

"बघ मर्ना, ते वाक्य ठेवलं असतंस तर आज खरं ठरलं असतं," लीरॉय म्हणाला.

"खणलं कुणी?" मागून ऑस्कर म्हणाला.

मर्ना खाली उतरली आणि ओतायला लागली. लोक खुशीत होते. त्यांच्या खुशीत आपण सामील व्हावं, असं तिला वाटलं आणि ती हसलीही. ओठ मात्र थंडीत बधिरतात तसे वाटले.

आठवड्याभरानं व्हर्जिल आला. खरं तर त्याची तिकडची पाळी चालू असायला हवी होती. कॅन न घेताच आला आणि खोपट्याच्या पायरीवर बसला.

"काढलं मला," तो म्हणाला. "आम्हा चाळीस जणांना."

"का?"

"भाव पडला ना." त्यानं पाटीकडे मान उडवली. "चढला की खणायचं, पडला की थांबायचं. स्वस्त झालं की आमची गरजच संपते."

"म्हणजे स्वस्त करायला खणतात, आणि स्वस्त झालं की खणत नाहीत."

"असंच काहीसं, वहिनी." तो नदीकडे बघत राहिला. "एनॉकचं ते वाक्य कंपनीनं मागितलं नव्हतं. मीच दिलं त्यांना. वाटलं, त्याच्या जाण्याचा काहीतरी उपयोग तरी व्हावा."

"मला वाटलंच होतं."

"रागावली नाहीस?"

तिनं विचार केला. "कळत नाही," ती म्हणाली. "खरंच कळत नाही व्हर्जिल. आलाच राग तर सांगेन तुला."

त्यानं भुवया उचलल्या. मग तो म्हणाला, "क्लारा आजीच्या जाळ्यात मासे आलेत. मासेमारीच्या तळावर एकटी कापत बसलीय. तिचं ते बक्षिसाचं पेट्रोल माझ्या बोटीत टाकायचं म्हणते, आणि येताना तुलाही घेऊन ये म्हणाली."

मर्नानं खोपट्याला कुलूप लावलं. त्या दिवशी पंपाची अजून दोन तासांची वेळ बाकी होती.

तळ नदीवर वरच्या अंगाला, वळणापाशी होता. क्लारा आजीनं काही विचारलं नाही. हातात सुरी दिली आणि टोपली पुढे सरकवली. व्हर्जिल मासे वाळत घालायच्या दांड्या ठोकत होता. मर्ना कापत राहिली. पहिले काही जाड कापले गेले, तेव्हा आजी म्हणाली, "असले वाळणार कधी? पुढच्या बार्जला?" मग हात बसला. संध्याकाळी आजीनं मासा उकडला, मर्नानं तो गरम असतानाच खाल्ला, आणि ती तिथेच झोपली.

तिसऱ्या दिवशी रेडिओ खरखरला. हेंड्री होता. "मर्ना, लोक कॅन घेऊन उभे आहेत. किल्ली कुठे आहे? कधी येतेस?"

"उद्या," मर्ना म्हणाली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा बटण दाबलं आणि किल्ली खोपट्याच्या मागच्या खिळ्यावर असल्याचं सांगितलं. मग ती परत टोपलीपाशी जाऊन बसली. अजून बरेच मासे कापायचे होते.