शिवलीलाची एक दुपार

मित्रांनो, माझ्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे दिसतात म्हणून मला देव समजू नका. मी एक जुना संगणक आहे. सहा वर्षं झाली, जळकोट गावाचा राउटर म्हणून राबतोय. ज्यांच्या घरी माझ्यामुळं सिनेमे चालतात, त्यांना राउटर म्हणजे काय हेही ठाऊक नाही. नेट बंद पडलं की तेवढी माझी आठवण होते, तीही शिव्यांसकट.

उमेदीची वर्षं मी सोलापूरच्या एका कॉलेजात काढली. मुलं माझ्यावर टायपिंग शिकली, पत्ते खेळली, आणि नवे संगणक आल्यावर मी भंगारात गेलो. तिथून मला शरणबसप्पा आण्णांनी उचललं. गावात घरोघरी नेट द्यायचा धंदा त्यांनी नुकताच काढला होता. पण मला पारखलं त्यांच्या सुनेनं, शिवलीलानं. ती कॉम्प्युटर शिकलेली. तिनं माझी धूळ पुसली, माझ्यात लिनक्स नावाची नवी प्रणाली घातली, तारांसाठी आणखी दोन कार्डं बसवली. गावात मात्र आजही म्हणतात, 'मशीन आण्णांनी बनवलं.' आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय लागतं?

माझं काम सांगतो. गावात नेट दोन वाटांनी येतं. एक महामार्गाच्या कडेनं पुरलेली केबल, दुसरी नळदुर्गच्या टॉवरवरून हवेतून येणारी. कुणाचं काय कुठल्या वाटेनं धाडायचं, कुणाला आधी सोडायचं, कुणाला जरा थांबवायचं, हे मी बघायचो. ढाब्यावर चाळीस थाळ्यांची ऑर्डर असली तरी एक कप चहा मागणाऱ्याला कुणी तासभर बसवून ठेवत नाही. तसंच मी फोनवरचं बोलणं आधी सोडायचो आणि सिनेमा मागनं. हे सगळे नियम शिवलीलाचे होते.

ती नियम कसे घालायची, तेही ऐका. महामार्गावरचे ढाबेवाले अमरसिंह फोन करायचे, "आण्णा, नेट लई स्लो हाय." लगेच शरणबसप्पांची हाक यायची, "शिवलीला, आधी त्यांचं कर. बाकीचं मागनं बघू." कणकेचे हात तसेच घेऊन ती पळत यायची आणि चालत्या मशीनमध्ये नवा नियम टाकून जायची. आता माझी खोड अशी, की असं वरच्यावर सांगितलेलं मला बंद होईपर्यंतच आठवतं. कायमचं हवं तर ते फाइलीत लिहून डिस्कवर ठेवावं लागतं. तिला हे माहीत होतं. दहा वेळा लिहायला बसली आणि दहा वेळा हाक आली. चूक तिचीही होतीच. पण तिला बसू दिलं कुणी? इन्व्हर्टरच्या जोरावर मी गेली तीन वर्षं एकदाही बंद पडलो नाही, म्हणून ते निभावलं.

मग यंदाची खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं-अवजारं धुऊन पुजतात, त्यांना विश्रांती देतात. गेली तीन वर्षं माझी पूजा मी चालू असतानाच उरकली होती. विळे, कोयते, मोटारसायकल सगळं पाटाजवळ आणलं, आणि शरणबसप्पांचा हात माझ्या बटणाकडं गेला.

"मामा, बंद करू नका. चारला माझी मुलाखत हाय. कालपण सांगितलं होतं," शिवलीला म्हणाली.

"सणाच्या दिवशी कसली मुलाखत?"

"घेणारा माणूस परदेशात हाय, त्याला सण न्हाय. आन् मशीनचे नियम अजून लिहून ठेवले न्हायत. बंद केलं तर सगळे जातील."

"वर्षातनं एक दिवस लक्ष्मीला विसावा नको व्हय? परत चालू होतंयच की."

त्यांनी बटण दाबलं. तीन वर्षं ती माझ्यापाशी बसून जे बोलली होती, ते सगळं गेलं. मग मला विभूती लावली, बेल वाहिला, झेंडूचा हार घातला. मला त्या हाराची किळस आली.

नैवेद्य, आरती, पंगत होता होता साडेतीन वाजले. तेव्हा कुठं मला चालू केलं. सुट्टीचा दिवस, अख्खा गाव मोबाईल घेऊन बसलेला. शिवलीलानं नियमांची यादी मागितली. माझ्याजवळ तीनच निघाले, जे प्रत्येक लिनक्समध्ये मुळातच असतात. सगळा गाव टॉवरच्या एकाच वाटेवर कोंबला गेला होता आणि केबल रिकामी पडली होती. ती आठवेल तसे नियम टाकत सुटली.

चारला मुलाखत सुरू झाली. नोकरी होती मोठ्या कंपनीचे राउटर सांभाळायची, घरबसल्या. त्यासाठी तिनं वर्षभर अभ्यास केला होता. पहिल्याच उत्तराला आवाज तुटला. तिनं पुन्हा जोडलं, पुन्हा तुटला. घाईत एक नियम राहून गेला होता. केबलनं आलेल्याचं उत्तर मी टॉवरच्या वाटेनं पाठवत होतो आणि पलीकडं ते कुणी घेत नव्हतं. मला दिसत होतं, पण सांगायला मला तोंड कुठंय? मोबाईलवरून लावावं तर आमच्या गल्लीत रेंज येते-जाते. तिसऱ्यांदा तुटून जोडलं तेव्हा समोरचा माणूस सौम्यपणे म्हणाला, "घरचंच नेट तुमच्यानं सांभाळलं जात नाही, तर आमचं कसं सोपवायचं?"

त्यानं फोन ठेवला. शिवलीला उठली नाही. मला वाटलं रडेल, पण ती यादी वरपासून पुन्हा वाचायला लागली. पावणेपाचला तो राहिलेला नियम सापडला आणि गावचं नेट पाण्यासारखं वाहायला लागलं.

थोड्या वेळानं अमरसिंहांचा फोन आला. "आण्णा, आज नेट लई भारी पळतंय."

"पूजेचा गुण हाय," शरणबसप्पा म्हणाले.

शिवलीला तिथंच बसून सगळे नियम डिस्कवर लिहीत होती. एकदा हाक आली, ती गेली नाही.

मित्रांनो, यंत्राला जपा असं सगळेच सांगतात. मला हार घाला नाहीतर घालू नका, माझं काही अडत नाही. पण जी माझ्यापाशी बसून मला चालवते, ती 'आज बंद करू नका' म्हणाली तर बटणावरचा हात मागं घ्या. मी कधी विसावा मागितला नव्हता. तिनं मात्र सहा वर्षांत एकच दुपार मागितली होती.