कडूबाच्या घराचा तक्ता

कडूबाच्या घरात दिवे लागायच्या आत जेवणं उरकत. संग्रामपूरपासून दोन कोसांवरच्या त्या गावात सगळे समजून होते, की हा त्या घराचा नेम आहे. आजानं कुण्या महाराजापुढं घेतलेला आणि नातवांनी न मोडलेला. कुणाच्या लग्नाला गेला तरी कडूबा उन्हं कलायच्या आत गाडी जुंपायचा. माणूस नेमाचा पक्का, असं लोक म्हणायचे.

खरी गोष्ट अशी, की दिवस मावळला की कडूबाला स्वतःचा हातही दिसत नसे. त्याच्या थोरल्या भावाला पुढं पुढं दिवसाही दिसेनासं झालं आणि ओसरीवरच्या बाजेवर बसून बसून तो वारला. लोणारकडे दिलेल्या बहिणीचा, अन्नपूर्णाबाईचा, पोरगा विशीतच अंधारात भिंती चाचपायला लागला होता. नेम हे त्या घराचं पांघरूण होतं.

पांघरुणाखालची गोष्ट बाहेरच्या एकाच माणसाला ठाऊक होती. तो म्हणजे त्या भागातल्या सरकारी दवाखान्याचा डॉक्टर, इंद्रभान सावळे. वांग्याच्या वाफ्यातून संध्याकाळी घरी येताना कडूबा वखरावर पडला, नडगी फाटली, आणि टाके घालून घेताना त्यानं आपणहून सांगितलं. इंद्रभान तेव्हा नुकताच रुजू झाला होता. महाराष्ट्र राज्य होऊन सहा-सात वर्षं झाली होती आणि खेड्यातल्या डॉक्टरानंही संशोधन करावं, असं वरून सांगितलं जात होतं. त्यानं कडूबाच्या डोळ्यांत प्रकाश टाकून पडदा पाहिला, आणि त्याला समोर दोन वर्षांचं काम दिसलं.

"साऱ्या घराचे डोळे तपासू द्याल का? बहिणीच्या घरचेही?" त्यानं विचारलं होतं.

कडूबानं धोतर टाक्यांवरून खाली ओढलं. मग म्हणाला, "नाव निघाले नाई पाह्यजे, डाक्टरसाहेब. दोन पोरी हायेत घरात. उजवाच्या हायेत."

"नाव येणार नाही. गाव येणार नाही, जात येणार नाही. माझा शब्द."

"बस मंग."

इंद्रभाननं शब्द अक्षरशः पाळला. बुलढाण्याला डॉक्टरांची परिषद भरली, तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर लावलेल्या त्याच्या तक्त्यात एकही नाव नव्हतं. चार पिढ्या होत्या. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. ज्याला आजार तो चौकोन काळा. जी स्वतः पाहू शकते पण आजार पुढं नेते, तिच्या वर्तुळात ठिपका. ड्रॉइंगच्या जाड कागदावर काळ्या शाईनं काढलेला तो तक्ता दुरूनही उठून दिसे. इंद्रभानचे गुरू, नागपूरचे प्राध्यापक रामराव, अध्यक्षपदावरून म्हणाले की असं काम शहरातही होत नाही. मुंबईच्या वैद्यकीय मासिकानं लेख आधीच घेतला होता. तो छापून आला की मुंबईला संशोधनाची जागा मिळेल, हेही रामरावांनी जवळजवळ कबूल केलं होतं.

दुसऱ्या दिवशी हॉल सगळ्यांना खुला झाला. शाळामास्तरांनी येऊन आरोग्याची माहिती घ्यावी, अशी योजना होती. बहुतेक मास्तर देवीच्या आणि नारूच्या चित्रांपुढून फिरून चहाकडे वळले. एकच गृहस्थ इंद्रभानच्या तक्त्यासमोर थांबले. उतारवयाचे, स्वच्छ धोतर, खांद्यावर उपरणं. चिखलीचे शेषराव मास्तर, अशी त्यांनी ओळख करून दिली.

"सुंदर रेखलंय," ते म्हणाले. "पोरांकडून नकाशे काढून घेण्यात जन्म गेला माझा. आडवी रेघ म्हणजे लग्न ना?"

"बरोबर."

"मग ह्या दोन रेघा एकमेकींवरून गेल्यात, ते साटंलोटं. ह्याची बहीण त्या घरी, त्या घरची बहीण ह्याला."

इंद्रभान खूश झाला. कालपासून इतके डॉक्टर येऊन गेले. कुणी चष्म्याच्या नंबराचं विचारलं, कुणी गाजराचं. रेघा कुणीच वाचल्या नव्हत्या.

"मास्तर, हे तुमच्याशिवाय एकाच्याही लक्षात आलं नाही."

"आमच्या येतं. आम्ही सोयरिकी जमवणारी माणसं." मास्तर तक्त्याच्या तळाशी वाकले. "ह्याला दोन मुलीच. थोरलीच्या वर्तुळात ठिपका आहे तो?"

"तिला स्वतःला काही होणार नाही. पण बाप आजारी असला की मुलीत ते उतरतंच. पुढं तिला मुलगे झाले, तर निम्म्यांना धोका."

"निम्म्यांना."

"सरासरीनं."

"वय सतरा लिहिलंय."

"तपासलं तेव्हा सतरा होतं."

मास्तरांनी चष्मा काढला, उपरण्याच्या टोकानं पुसला आणि डोळ्यांवर न चढवता खिशात ठेवला. "नाव नाही लिहिलंत, हे बरं केलंत," एवढं म्हणून ते निघून गेले. इंद्रभानला ती शाबासकी वाटली.

आठवडा गेला नाही, तोच भर दुपारी कडूबा दवाखान्यात आला. बरोबर धाकटी मुलगी रुखमा होती. तिला त्यानं बाहेर निंबाखाली बसवलं. आत येऊन तो बाकावर टेकला.

"थोरल्या गोजरचं साक्षगंध मोडलं," तो म्हणाला.

"कधी झालं होतं?"

"झालं व्हतं मागच्या महिन्यात. चिखलीच्या शेषराव मास्तरच्या पोराशी."

इंद्रभानच्या हातात थर्मामीटर होता. तो त्यानं बाटलीत परत ठेवला, आणि पहिल्यांदा जे तोंडात आलं ते बोलून बसला. "कडूबाभाऊ, त्या कागदावर तुमचं नाव कुठंही नाही. हवं तर दाखवतो."

"मले काय दाखोता? मले आता रेघा दिसते का?" कडूबाच्या आवाजात राग नव्हता. "अन् नाव कोनाले पाह्यजे? नाव तलाठ्याले लागते. सोयऱ्याले नातं लागते. मास्तर माह्या ओसरीवर बसून सारं इचारून गेल्ता. मामा कोन, बहीन कुठी देल्ली, बायको कोन्या घरची. साटंलोटं हाय, हे म्याच सांगतलं त्याले. तुमी तेच भितीले टांगलं."

 इंद्रभान स्वतः मेहकरच्या बाजूचा, सोयरिकीच्या बैठकांत वाढलेला. लग्नाआधी माणसं घर कसं उलटसुलट करून पाहतात, हे त्याला ठाऊक होतं. तक्ता काढताना मात्र तो डॉक्टरांसाठी काढत होता. डॉक्टर काय वाचतील, एवढंच त्यानं पाहिलं.

"मास्तरांना मीच सांगितलं," तो म्हणाला. "त्यांनी विचारलं, मी समजावून दिलं."

"म्हाईत हाय. मास्तर आल्ता घरी. मले इचारलं, डाक्टर म्हन्ते ते खरं हाय का. म्या म्हन्लं, हाव."

"काऊन म्हणालात?" नकळत इंद्रभानच्या तोंडी घरची बोली आली.

"मी नाई म्हन्तो त तुमी खोटे पडता." कडूबानं डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. "अन् खोटं त मी आधीच बोललो व्हतो. लपोलंच व्हतं म्या. लग्नाच्या आंधी सांगाचं, मागून सांगाचं का मरेलोक सांगाचंच नाई, ते माह्याकडं व्हतं. ते माहं पाप व्हतं. तुमी ते काऊन उचललं?"

बाहेर रुखमा काडीनं मातीत काहीतरी काढत होती. कडूबानं त्या दिशेला मान वळवली. तिथं त्याला काय दिसत असेल, हे इंद्रभान अचूक सांगू शकला असता.

"मुंबईचं ते बुक," कडूबा म्हणाला. "त्यात बी हे येते ना?"

"येत्या अंकात."

"ही धाकटी तेराची हाय." एवढंच बोलून तो उठला.

दुसऱ्या दिवशी इंद्रभान एसटीनं चिखलीला गेला. शेषराव मास्तरांनी त्याला पाट दिला, पाणी दिलं, आणि स्वतः समोर सतरंजीवर बसले.

"मी तुम्हाला ते सांगायला नको होतं," इंद्रभान म्हणाला.

"पण सांगितलंत. आता एक करा. तुमचा तक्ता त्या घराचा नव्हे, असं एकदा म्हणा. परत आलेली साक्षगंधाची साडी मी उद्या पुन्हा तिच्याकडे पाठवतो. पोरगी गुणाची आहे. माझ्या बायकोनं कालपासून अन्न घेतलं नाही."

म्हणणं सोपं होतं. मास्तर वाट पाहत होते, आणि त्यांनाही ते ऐकायचं होतं, हे दिसत होतं. इंद्रभाननं तांब्याकडे पाहिलं. डॉक्टर म्हणून त्याचा एकच शब्द चालायचा, तो इथं खोटा करून द्यायचा आणि वर त्या घरात जन्मणाऱ्या मुलांचे डोळे पणाला लावायचे. त्याच्यानं ते होईना.

"बघा, तुम्हालाही म्हणवत नाही," मास्तर म्हणाले.

"निदान कुणाला कारण सांगू नका."

"मग काय सांगू? मोडलं म्हटल्यावर लोक विचारणारच. मी गप्प बसलो, तर पोरीच्या वागणुकीवर जातील. डोळ्यांचं सांगितलं तर घराला डाग लागतो, नाही सांगितलं तर तिला. तुम्हीच सांगा डॉक्टर, कोणता बरा?" मास्तरांनी तांब्या पुढं सरकवला. "मी डोळ्यांचंच सांगितलंय."

परत येताना गाडीत इंद्रभानच्या शेजारी एक म्हातारा कांद्याचं रोप घेऊन बसला होता. तो सारखा बोलत होता. इंद्रभान हं हं करत राहिला.

त्यानं रामरावांना सगळं कळवलं. उलट टपाली उत्तर आलं. त्यात ओरडा नव्हता, उलट माया होती. वंशावळ थोडी बदला, त्यांनी लिहिलं होतं. साटंलोटं काढून टाका, दोन मुलींच्या मध्ये एक धडधाकट मुलगा घाला. कुणी ओळखणार नाही, निष्कर्षालाही धक्का लागत नाही. सगळेच करतात, आणि रुग्णाच्या भल्यासाठीच करतात.

इंद्रभाननं तसा तक्ता काढून पाहिला. चांगला झाला. शेषराव मास्तरांनाही ओळखू आला नसता. पण त्या मधल्या मुलाकडे तो पाहत राहिला. असा मुलगा कुठंच नव्हता. उद्या मद्रासचा एखादा डॉक्टर निरोगी मुलगे मोजताना ह्यालाही मोजणार होता, आणि त्या हिशेबावर आणखी कुण्या बापाला काहीतरी सांगणार होता. खरा तक्ता दिला तर घर उघडं पडत होतं, खोटा दिला तर काम. तक्त्याशिवाय लेख छापाल का, असं त्यानं तारेनं विचारलं. संपादकांची तार आली: तक्त्याविना लेख निरर्थक.

पोस्टात उभ्यानंच त्यानं दुसरी तार लिहिली. लेख मागे घेत आहे, छापू नये. पोस्टमास्तरांनी शब्द मोजले आणि कारण लिहायचं नाही का, असं विचारलं. तो नाही म्हणाला. रामरावांचं त्यानंतर पत्र आलं नाही.

कडूबाला हे स्वतः जाऊन सांगावं, म्हणून तो सायकल काढून गावात गेला. भिंतीवरून उतरवलेला तक्ता गुंडाळी करून त्यानं कॅरिअरला बांधला होता. दिवस बुडाला होता. एव्हाना त्या घरची जेवणं आटोपलेली असतील, अशा हिशेबानंच तो निघाला होता. ओसरीवर पोहोचला तर कंदील नुकताच लागत होता आणि चुलीवर भाकरी भाजत होती.

"आज उशीर?" त्यानं विचारलं.

"आता रोजच," कडूबा बाजेवरून म्हणाला. "नेम कोनाले दाखवाचा आता?"

इंद्रभाननं तारेची हकिकत सांगितली. लेख छापणार नाही, तक्ताही हा इथं आहे. कडूबानं ऐकलं, "बरं केलं," म्हणाला, आणि गुंडाळीला हात लावला नाही. ती गोजरनं घेतली. कंदिलाजवळ बसून तिनं कागद उलगडला. रुखमा तिच्या खांद्यावरून पाहायला लागली.

"मी कोनती?" गोजरनं विचारलं.

त्यानं बोट ठेवलं.

"हा ठिपका काहाचा?"

इंद्रभाननं कागदावरचं बोट काढून घेतलं. दोन वर्षांत तो ह्या ओसरीवर कितीदा आला होता, तिच्या हातचा चहा प्यायला होता, तिच्या डोळ्यांत औषध घालून पडदा पाहिला होता. काय दिसलं, ते त्यानं वहीत उतरवलं होतं.

"मास्तरले सांगतलं तुमी," गोजर म्हणाली. ती ओरडून बोलली नाही. आतल्या आईला ऐकू जाईल एवढंही नाही. "बुलढान्यात जमेल साऱ्याइले सांगतलं. मले काऊन नाई सांगतलं? डोये त माहे हायेत."

मग त्यानं तिला सांगितलं. तिला आयुष्यभर दिसेल. मुलगे झाले तर त्यातल्या कुणाला होईल, कुणाला होणार नाही. आधी कळायचा उपाय नाही. रुखमाचंही तसंच. बोलताना त्यानं एकदाही कागदाचा आधार घेतला नाही.  शेवटी गोजरनं विचारलं, "अन् पोरी झाल्या त?"

"त्यांना दिसेल. पण त्यांच्यापैकी काहींच्या वर्तुळात असाच ठिपका असेल."

गोजरनं तक्त्याची पुन्हा गुंडाळी केली आणि ती त्याच्या सायकलीला होती तशी बांधून आली. "घरात ठेवून काय करू?" ती म्हणाली. "आमाले पाठ हाय."

मग तिनं ताटं मांडली. इंद्रभानलाही एक ताट आलं. कडूबा बाजेवरून उतरून चाचपत बसला, आणि गोजरनं त्याचं मनगट धरून बोटं आधी भाकरीवर, मग कोरड्यासाच्या वाटीवर नेऊन ठेवली. ओसरी उघडी होती. रस्त्यानं जाणारी शेजारची झुंबरबाई थबकली, पाहत राहिली, आणि पदर सावरून पुढं गेली. कोण गेलं, असं कडूबानं विचारलं. गोजरनं नाव सांगितलं, आणि तो जेवत राहिला.